इंजिन कागदावर, तारीख करारात: ए-४००एम विमानाला इतकी वर्षे का लागली

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एअरबसच्या ए-४००एम या लष्करी मालवाहू विमानाची कल्पना १९८२ ची, करार २००३ चा, आणि पहिले विमान हवाई दलाच्या हाती पडले २०१३ मध्ये. त्यावर ना क्षेपणास्त्रे, ना रडारला चुकवणारा आकार. सामान वाहणारे विमान ते, त्यात इतके अवघड काय होते? आणि त्याला जोडून दुसरा प्रश्न: भारताने असे विमान स्वतः करायला घ्यावे का?

मी गेली बावीस वर्षे विमानाच्या इंजिनांच्या नियंत्रण-सॉफ्टवेअरची तपासणी करतो. ए-४००एमवर मी काम केलेले नाही. पण हा प्रकल्प जिथे अडला ती जागा माझ्या रोजच्या कामाची आहे, म्हणून उत्तर जरा लांबवतो.

आधी थोडक्यात सांगतो. अडचण विमानाची कमी आणि इंजिनाची जास्त होती. इंजिनातही धातूची कमी, सॉफ्टवेअरची आणि त्याच्या कागदपत्रांची जास्त. इंजिन अजून आराखड्यात असताना विमानाची तारीख आणि किंमत करारात पक्की करून टाकली, हे मूळ दुखणे. बाकीची बरीचशी दुखणी त्यातूनच आली.

आता ‘सामान वाहणारे विमान’ याबद्दल. प्रवासी विमानाच्या खुर्च्या काढून त्यात खोकी भरली की मालवाहू विमान होते, हे कुरिअर कंपन्यांपुरते खरे आहे. लष्कराची मागणी वेगळी असते. तीस टनांची चिलखती गाडी स्वतःच्या चाकांवर आत यायला हवी. म्हणजे मागे उतरता रॅम्प हवा, आतली फरशी जमिनीलगत हवी, म्हणून पंख छताला लावायचे आणि चाके पोटाच्या दोन्ही बाजूंच्या फुगवट्यांत बसवायची. विमानाचे धड ही मुळात बंद नळी असते, आणि बंद असते म्हणूनच ती कमी वजनात मजबूत राहते. तिला मागून एवढे मोठे भोक पाडले की शेपटीचा सगळा पीळ कडांवर येतो. तो सोसायला कडा जाड कराव्या लागतात, म्हणजे वजन वाढते. शिवाय हा दरवाजा हवेतही उघडायचा असतो. त्यातून कित्येक टनांचा भार सरकत मागे जातो, तेव्हा काही सेकंद विमानाचा गुरुत्वमध्य शेपटीकडे पळतो आणि भार बाहेर पडताक्षणी झटक्यात परत येतो. तेवढ्या वेळात विमान नाक वर करू पाहते. वैमानिकाने आणि नियंत्रण-संगणकाने ते सांभाळायचे असते.

आणि हे सगळे डांबरी धावपट्टीवर नाही. ए-४००एमच्या चाचण्या जर्मनीत गवतावर, स्पेनमध्ये खडीवर आणि इंग्लंडमध्ये वाळूवर झाल्या. थंडीसाठी ते स्वीडनमधल्या किरुनाला नेले, विरळ हवेसाठी बोलिव्हियातल्या ला पाझला, जिथला विमानतळ समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरांहून उंच आहे. मुख्य चाके बारा आहेत, ती शोभेसाठी नाहीत. १४१ टनांपर्यंतचे वजन मऊ जमिनीवर पसरले नाही तर विमान रुतते.

युरोपला असे विमान हवे होते कारण त्यांच्याजवळ दोन टोके होती आणि मधले काही नव्हते. एका टोकाला अमेरिकी सी-१३० हर्क्युलिस आणि फ्रेंच-जर्मन ट्रान्साल. ही विमाने कच्च्या पट्टीवर उतरत, पण हर्क्युलिस सुमारे २० टन नेई आणि ट्रान्साल १६. त्याहून मोठी अडचण वजनाची नव्हती, रुंदीची होती. हर्क्युलिसचे पोट तीन मीटरांहून थोडेच रुंद, आणि लष्करी गाड्या दर पिढीत फुगत चाललेल्या. दुसऱ्या टोकाला अमेरिकी सी-१७: सत्तर टनांच्या वर नेणारे, पण जेट आणि भलतेच महाग. मध्ये ए-४००एम बसवायचे होते. ३७ टन भार, ४ मीटर रुंद आणि ३.८५ मीटर उंच पोट. जर्मनीने पुमा ही चिलखती गाडी आखताना तिचे मूळ वजन साडेएकतीस टनांच्या आसपास ठेवले आणि जादा चिलखत सुटे केले, ते याच विमानात बसावे म्हणून. विमान अजून हवेत गेले नव्हते आणि चिलखती गाडीचे मोजमाप त्याच्यावरून ठरत होते.

मग इंजिनाचा प्रश्न आला, आणि मागणीतच ओढाताण होती. कच्च्या पट्टीसाठी पंखा, म्हणजे प्रोपेलर, चांगला. जेट इंजिन झाडूसारखे खडे ओढून घेते. पंखा तेवढे ओढत नाही, वर पंखावर जोराचा वारा फेकून हळू वेगातही उचल देतो, आणि पाती उलटी फिरवली की विमान थोडक्यात थांबते, मागेसुद्धा सरकते. पण हवाई दलांना वेगही हवा होता. म्हणजे प्रवासी विमानांच्या उंचीवर, ३७ हजार फुटांच्या आसपास, ध्वनीच्या वेगाच्या ०.७ पटीजवळ. याचे कारण साधे आहे: युरोपच्या आकाशात हळू विमानाला खाली ढकलतात, आणि खाली इंधन जास्त जळते. पंख्याने एवढा वेग गाठायचा तर पात्यांची टोके ध्वनिवेगाच्या धोकादायक जवळ जातात. उपाय म्हणजे पंखा मोठा, फिरण्याची गती कमी, पाती जास्त आणि तलवारीसारखी वाकलेली. राटिए-फिजाक कंपनीने केलेला पंखा आठ पात्यांचा आणि ५.३३ मीटर व्यासाचा आहे. असा पंखा हळू फिरवायचा तर टॉर्क, म्हणजे पिळणारे बळ, प्रचंड लागते. हिशेब केला तर दर इंजिनामागे ११,००० अश्वशक्ती. नव्या हर्क्युलिसचे इंजिन साधारण ४,६०० चे आहे. पश्चिमेत एवढे मोठे टर्बोप्रॉप इंजिन कोणाकडे नव्हतेच. याहून ताकदवान इंजिने पूर्वेकडेच होती: १९५० च्या दशकातले सोव्हिएत कुझ्नेत्सोव्ह एनके-१२ आणि युक्रेनच्या एएन-७० विमानाचे इंजिन.

सुरुवातीला वाटले होते की राफाल लढाऊ विमानाच्या एम-८८ इंजिनाचा गाभा घ्यावा आणि त्याला पंखा जोडावा. कागदावर हे सोपे दिसते. पण लढाऊ विमानाचा गाभा थोडा वेळ पूर्ण जोर देण्यासाठी घडवलेला असतो. तासन्‌तास कमी इंधनात चालणे हा त्याचा स्वभाव नाही. तो आराखडा सोडून द्यावा लागला. मग स्पर्धा लागली. एकीकडे प्रॅट अँड व्हिटनी कॅनडा, जिच्या टर्बोप्रॉप इंजिनांवर जगभरची छोटी प्रवासी विमाने उडतात, आणि तिचा प्रस्ताव स्वस्तही होता. दुसरीकडे युरोप्रॉप: रोल्स-रॉईस, फ्रान्सची स्नेक्मा, जर्मनीची एमटीयू आणि स्पेनची आयटीपी अशा चार कंपन्यांनी याच इंजिनासाठी मांडलेला नवा संसार. युरोपी सरकारांनी जोर लावला आणि मे २००३ मध्ये युरोप्रॉपचे टीपी-४०० निवडले गेले. एअरबसचे प्रमुख टॉम एंडर्स यांनी पुढे हा निर्णय स्वीकारणे ही चूक होती असे जाहीरपणे मान्य केले.

मी त्या निर्णयाला नुसते राजकारण म्हणून उडवून लावणार नाही. एवढ्या ताकदीचे इंजिन तेव्हा कॅनडाकडेही तयार नव्हते, आणि करदात्यांचा पैसा घालणाऱ्या देशाला काम आपल्याकडे हवे असणे समजण्यासारखे आहे. माझा आक्षेप वाटपाच्या पद्धतीवर आहे. टीपी-४०० मध्ये एकात एक असे तीन शाफ्ट, म्हणजे फिरते दांडे, आहेत. मधल्या दाबाचा कॉम्प्रेसर एमटीयूकडे, उच्च दाबाचा रोल्स-रॉईसकडे, ज्वलनकक्ष स्नेक्माकडे, पंखा फिरवणारी टर्बाइन आयटीपीकडे, पंख्याचा गिअरबॉक्स इटलीतल्या आव्हिओकडे. या प्रत्येक कंपनीने आपापला भाग आधीही उत्तम केला होता. पण ‘हे इंजिन माझे’ असे म्हणून रात्री झोप उडवून घेणारे एक घर नव्हते. इंजिनातल्या अडचणी बहुधा दोन भागांच्या सांध्यावर निघतात, आणि इथे प्रत्येक सांधा दोन देशांच्या सीमेवर होता.

कराराकडे येतो. २७ मे २००३ रोजी सात देशांच्या वतीने ओकार या युरोपी देशांच्या संयुक्त शस्त्रखरेदी संस्थेने एअरबसच्या लष्करी शाखेशी करार केला: १८० विमाने, सुमारे २० अब्ज युरो, किंमत निश्चित. जर्मनी ६०, फ्रान्स ५०, स्पेन २७, ब्रिटन २५, तुर्कस्तान १०, बेल्जियम ७ आणि लक्झेंबर्ग १. संशोधन आणि उत्पादन दोन्ही एकाच करारात, एका दमात. प्रवासी विमाने अशीच विकली जातात म्हणून याला व्यापारी पद्धत म्हटले गेले. पहिले विमान २००९ मध्ये द्यायचे होते. म्हणजे नवे विमान, नवे इंजिन, नवा पंखा, एअरबसच्या मोठ्या विमानात पहिल्यांदाच मुख्यतः कार्बन तंतूचे पंख, आणि यासाठी सहा-साडेसहा वर्षे. व्यापारी पद्धतीत एक गोष्ट गृहीत असते, ती इथे विसरली गेली: प्रवासी विमानाला इंजिन निवडताना ते इंजिन, किंवा निदान त्याचा थोरला भाऊ, आधी कुठेतरी उडत असतो.

हर्क्युलिसवाल्यांचे उदाहरण इथेच देतो. ए-४००एमची कल्पना ज्या गटातून निघाली त्या १९८२ च्या मूळ गटात हर्क्युलिस करणारी अमेरिकी कंपनी लॉकहीडही होती. १९८९ मध्ये ती बाहेर पडली आणि जुन्या हर्क्युलिसला नवे इंजिन, सहा पात्यांचा नवा पंखा आणि नवी कॉकपिट देऊन सी-१३०जे तयार केले. ते १९९६ मध्ये उडाले. पोटाची रुंदी तीच जुनी राहिली, हे खरे. पण ज्यांना विमान लवकर हवे होते त्यांना ते मिळाले. ब्रिटननेही घेतले, आपणही घेतले.

आता माझ्या कामाची गोष्ट, आणि इथे जरा रेंगाळतो, कारण बातम्यांत ‘सॉफ्टवेअरमुळे उशीर’ एवढेच येते आणि त्यातून कोणाला काही कळत नाही.

इंजिनाचा संगणक, ज्याला आम्ही फॅडेक म्हणतो, वैमानिकाच्या हाताची खूण घेतो आणि किती इंधन सोडायचे ते ठरवतो. जेट इंजिनात हे बरेचसे एवढेच असते. टर्बोप्रॉपमध्ये त्याच्या हातात दोन लगाम असतात: इंधन आणि पात्यांचा कोन. इंधन वाढवले आणि कोन तोच ठेवला तर पंखा बेफाम फिरतो. कोन वाढवला आणि इंधन कमी पडले तर तो दमतो. दोन्ही एका तालात, सेकंदाला कित्येक वेळा. एखादे इंजिन बंद पडले तर त्याची पाती वाऱ्याच्या दिशेने आडवी करायची, नाहीतर तो सव्वापाच मीटरांहून मोठा पंखा विमानाला एका बाजूला ओढत नेतो. आणि पाती उलट कोनात फक्त जमिनीवर जाऊ द्यायची. हवेत गेली तर विमान पडू शकते.

ए-४००एमच्या पंख्यांत आणखी एक खुबी आहे. एका पंखावरचे दोन्ही पंखे एकमेकांच्या उलट फिरतात, असे की दोघांची पाती मधल्या जागेत खाली येतात. त्यामुळे दोन्ही पंखांवर वारा सारखा पडतो आणि एक इंजिन बंद पडल्यावर विमान कमी वळते, म्हणून शेपटीचे उभे पंख लहान करता आले. इंजिने चारही एकसारखीच. दिशा उलटवणारे एक जादा चाक गिअरबॉक्सात आहे. मला हा आराखडा फार सुंदर वाटतो. पण संगणकाला याचा अर्थ असा की विमान चालवणारा आणि इंजिन चालवणारा, दोघे सतत बोलत राहिले पाहिजेत.

हे सगळे सॉफ्टवेअर चालत होते का? टीपी-४०० पहिल्यांदा २००५ मध्ये जर्मनीत चाचणी-बैठकीवर सुरू झाले. डिसेंबर २००८ मध्ये केंब्रिजच्या मार्शल कंपनीने एका जुन्या हर्क्युलिसच्या पंखावर एक टीपी-४०० बसवून ते उडवलेही. चालत होतेच. पण करारात आणखी एक अट होती: या लष्करी विमानाला युरोपच्या नागरी विमानसुरक्षा संस्थेचे, म्हणजे ईआसाचे, प्रमाणपत्र हवे. आणि नागरी जगात ‘चालते’ हे उत्तर पुरत नाही.

तिथले मानक डीओ-१७८बी. त्यातली सर्वांत कडक पातळी अशा सॉफ्टवेअरला लागते ज्याच्या चुकीने विमान पडू शकते. त्यात प्रत्येक ओळ कुठल्या लेखी गरजेतून आली हे दाखवावे लागते, आणि प्रत्येक गरज कुठल्या ओळीत उतरली आणि कुठल्या चाचणीने सिद्ध झाली हेही. समजा अट अशी आहे: चाके जमिनीवर असतील, आणि लिव्हर मागे असेल, आणि पंख्याची गती अमुक मर्यादेत असेल, तरच पाती उलटवा. मग नुसते तिन्ही खरे असताना पाती उलटतात एवढे दाखवून चालत नाही. यातली एकेक अट एकटीच खोटी केली की उत्तर बदलते, हे वेगवेगळे सिद्ध करायचे. अशा अटी हजारोंनी असतात. आणि चाचणी लिहिणारा माणूस ती ओळ लिहिणाऱ्यापेक्षा वेगळा हवा.

टीपी-४०० चे नियंत्रण-सॉफ्टवेअर या कागदपत्रांच्या कसोटीला उतरले नाही. कामाचा बराचसा माग नव्याने काढावा लागला. २६ जून २००८ रोजी सेव्हियाच्या कारखान्यात स्पेनच्या राजाच्या उपस्थितीत पहिले विमान दिमाखात बाहेर आले, आणि ते उडाले ११ डिसेंबर २००९ रोजी. जवळपास अठरा महिने तयार विमान इंजिनाची वाट पाहत जमिनीवर होते. त्या काळात पंख, धड, चाके यांवर काम करणाऱ्यांना काय वाटले असेल याची मला कल्पना आहे.

असला माग मागाहून काढणे काय असते ते स्वतःच्या अनुभवाने सांगतो. फार वर्षांपूर्वी मी एका कंपनीत होतो. आमचे नियंत्रण-सॉफ्टवेअर चाचणी-बाकावर सात महिने बिनचूक चालले होते. लेखापरीक्षक आले. त्यांनी यादीतून सहजच एक ओळ निवडली. तापमानाच्या एका मोजणीला दोन सेकंद थांबायला लावणारी. विचारले, हे दोन सेकंद कुठून आले? कोणालाच सांगता येईना. ज्याने लिहिले तो नोकरी सोडून गेला होता. आकडा बरोबर होता, हे आम्ही शेवटी सिद्ध केले. पण तशा शंभरावर ओळी निघाल्या, आणि त्या प्रत्येकीचे मूळ शोधण्यात जवळपास वर्ष गेले. त्या वर्षात सॉफ्टवेअरमध्ये फक्त तीन चुका सापडल्या. त्यातली एक मात्र अशी होती की ती थंडीत, उंचावर, इंजिन पुन्हा सुरू करताना उघडी पडली असती. तेव्हापासून कागदपत्रांना कोणी कारकुनी म्हटले की मी गप्प बसत नाही.

ए-४००एमच्या बाबतीत याचे सर्वांत दुःखद उदाहरण मे २०१५ मध्ये घडले. ९ मे रोजी तुर्कस्तानला द्यायचे एक नवे विमान सेव्हियाहून चाचणी-उड्डाणाला निघाले आणि काही मिनिटांतच पडले. सहा जणांपैकी चौघे गेले. चारपैकी तीन इंजिने उड्डाणानंतर जास्त जोरावर अडकली होती. वैमानिकांनी लिव्हर अगदी खाली आणला तेव्हा ती खाली आली, आणि मग पुन्हा वर जाईनात.

कारण समजायला टॉर्क कसा मोजतात ते माहीत हवे. शाफ्टवर बळ आले की तो किंचित पिळतो, आणि तो पीळ मोजून संगणक टॉर्क काढतो. पण प्रत्येक शाफ्ट घडणीत थोडा वेगळा असतो, म्हणून प्रत्येक इंजिनासोबत त्याचे स्वतःचे काही आकडे येतात आणि ते त्याच्या संगणकात भरायचे असतात. त्या तीन इंजिनांत सॉफ्टवेअर चढवताना हे आकडे पुसले गेले होते. आकडे नसले की संगणकाला आपल्याच इंजिनाचा टॉर्क कळत नाही, आणि तो सुरक्षित म्हणून ठरवलेल्या वागणुकीत जातो. एका इंजिनापुरती ती वागणूक खरोखरच सुरक्षित असते. एकाच वेळी तिघांनी तसे केले तर ती जीवघेणी ठरते. जमिनीवर असताना याची सूचनाही मिळाली नाही. सॉफ्टवेअरची एकही ओळ त्या दिवशी चुकीची चालली नव्हती. चुकले ते कारखान्यातल्या एका टप्प्यात, आणि तो टप्पा चुकला तर कळणार कसे हे कोणी बांधून ठेवले नव्हते. नव्या मुलांना शिकवताना मी हा अपघात दरवेळी सांगतो.

पैशाचे काय झाले ते भराभर सांगतो. २००९ च्या सुरुवातीला कंपनीने तीन वर्षांचा उशीर जाहीर केला. प्रकल्प बंद करायचा की नाही यावर गंभीर बोलणी झाली. दक्षिण आफ्रिकेने आपली आठ विमाने रद्द केली. २०१० मध्ये देशांनी आणखी साडेतीन अब्ज युरोंची सोय केली, आणि जर्मनी व ब्रिटनने संख्या कमी करून एकूण मागणी १७० वर आणली. तरी तोटा थांबला नाही. २०१६ या एका वर्षात एअरबसला या विमानापोटी २.२ अब्ज युरो खर्ची टाकावे लागले. त्याच वर्षी गिअरबॉक्सात भेगा निघाल्या आणि काही विमानांत दर वीस तासांच्या उड्डाणानंतर तपासणी करायची वेळ आली. वाटपाबद्दल मी वर जे म्हटले त्याची किंमत ही.

इंजिनाशी थेट संबंध नसलेल्या दोन अडचणी तरीही सांगतो, कारण त्यांतून मालवाहू विमानाचे खरे रूप दिसते. पहिली छत्रीधारी सैनिकांची. विमानाच्या दोन्ही बाजूंच्या दारांतून सैनिक एकाच वेळी उड्या मारतात, म्हणजे तुकडी जमिनीवर जवळजवळ उतरते. ए-४००एमच्या मागे एवढ्या मोठ्या धडामुळे आणि पंख्यांमुळे हवा अशी वळत होती की डाव्या आणि उजव्या दारातून उडी मारणारे एकमेकांकडे ओढले जात. बरीच वर्षे एका वेळी एकाच दारातून उड्या घेण्यावर भागवावे लागले. दोन्ही दारांतून ५८-५८, एकूण ११६ सैनिकांची परवानगी २०२० मध्ये मिळाली. दुसरी हेलिकॉप्टरला हवेत इंधन देण्याची. विमानाला हेलिकॉप्टरच्या वेगापर्यंत हळू यावे लागते, आणि त्या वेगात पंखांमागचे भोवरे हेलिकॉप्टरला फेकतात. इंधनाची नळी लांब करून हेलिकॉप्टरला भोवऱ्यांच्या मागे ठेवले, तेव्हा कुठे २०१९ च्या चाचण्यांत १०५ नॉटपर्यंत, म्हणजे ताशी सुमारे १९५ किलोमीटरपर्यंत, वेग कमी करून हेलिकॉप्टरला नळी जोडता आली. या दोन्ही गोष्टी वायुबोगद्यात आणि संगणकावर पूर्ण दिसत नाहीत. माणूस प्रत्यक्ष उडी मारतो तेव्हा कळतात.

मग एवढे करून विमान चांगले झाले का? माझ्या मते हो, आणि हे मी मनापासून म्हणतो. फ्रान्सला पहिले विमान ऑगस्ट २०१३ मध्ये मिळाले, आणि त्याच डिसेंबरच्या शेवटी ते ऑर्लेआंहून मालीतल्या बामाकोपर्यंत सामान घेऊन गेलेही. ट्रान्सालला तो पल्ला एका दमात जमला नसता. २०२१ च्या ऑगस्टमध्ये काबूल पडले तेव्हा जर्मनीची ए-४००एम ताश्कंद आणि काबूलच्या दरम्यान खेपा घालत होती. ब्रिटन, फ्रान्स, स्पेन, तुर्कस्तान, बेल्जियम यांनीही हेच विमान तिथे नेले. २०२३ मध्ये सुदानमधूनही लोक याच विमानांतून बाहेर आले. २०२३ मध्ये उपयोगी पडलेल्या विमानाचा आराखडा आधीच्या शतकातला आहे, हे मला दोष वाटत नाही. मालवाहू विमाने चाळीस-पन्नास वर्षे चालतात.

आता भारताचा प्रश्न. आपल्याकडे शंभराहून अधिक एएन-३२ आहेत, १९८४ पासून आलेली. लेह आणि ईशान्येकडच्या पट्ट्यांवर त्यांनी जे काम केले त्याला तोड नाही, पण ती म्हातारी झाली आहेत. हवाई दलाने २०२२ च्या शेवटी १८ ते ३० टन भाराच्या मध्यम मालवाहू विमानासाठी विचारणा केली, आणि त्यात ए-४००एम, सी-१३०जे आणि ब्राझीलचे सी-३९० अशी नावे पुढे आली. आधी रशियाबरोबर मिळून असे विमान करायचे ठरले होते, ते बारगळले.

इथे ब्राझीलचे उदाहरण बघण्यासारखे आहे. एम्ब्राएरने २००९ मध्ये काम सुरू केले, २०१५ मध्ये विमान उडवले आणि २०१९ मध्ये हवाई दलाला दिले. भार २६ टन. त्यांनी इंजिन नवे केलेच नाही: व्ही-२५००, जे हजारो एअरबस ए-३२० विमानांवर उडून झाले आहे. जेट असल्यामुळे मऊ जमिनीवर ते ए-४००एमची बरोबरी करणार नाही, ही त्याची किंमत. पण ती किंमत त्यांनी आधीच, डोळे उघडे ठेवून मोजली. जपाननेही सी-२ साठी तयार इंजिन घेतले. त्यांनाही उशीर झाला, कारण जमिनीवर दाब भरून केलेल्या चाचणीत २०१४ मध्ये मागचा दरवाजाच तुटला. म्हणजे तयार इंजिन घेतले की सगळे सुरळीत होते असे नाही. पण अडचण एका जागी सापडते आणि तिथे दुरुस्त करता येते. युक्रेनचे एएन-७० नव्या इंजिनासह १९९४ मध्येच उडाले होते, ए-४००एमच्या पंधरा वर्षे आधी, आणि जर्मनीने एकदा त्याचाही विचार केला होता. दोन अपघात आणि पैशाची ओढ यांत ते हरवले. त्या विमानाबद्दल मला आजही हळहळ वाटते.

आपला स्वतःचा धडा घरातच आहे. तेजससाठी कावेरी इंजिन करायचे होते. तेजस २००१ मध्ये उडाले ते अमेरिकी एफ-४०४ वर, आणि २००८ मध्ये कावेरी त्यापासून वेगळे केले गेले. तेजसच्या लोकांनी इंजिनाची वाट पाहत बसायचे ठरवले असते तर आज ते विमान नसते. कावेरी बंद पडायला हवे होते असे मी म्हणत नाही. इंजिनावर काम चालू राहायलाच हवे, वीस-तीस वर्षे, कुठल्याही एका विमानाच्या तारखेशी न बांधता. मात्र विमान करायचे तर इंजिन तयार घ्यावे.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर हो असे आहे, पण जोडणीपासून सुरुवात करून. वडोदऱ्यात टाटांच्या कारखान्यात सी-२९५ जोडले जाते आहे: ५६ पैकी १६ स्पेनमधून तयार आलेली, ४० इथली. ही १६ विमाने सेव्हियाच्या सान पाब्लोत जोडली गेली, जिथे ए-४००एमही जोडले जाते. आपली माणसे तिथे शिकून आली आहेत. विमान लहान आहे, भार नऊ टनांच्या आसपास. पण मागचा रॅम्प, हवेत उघडणारा दरवाजा, छत्रीधारी सैनिक, कच्ची पट्टी हे सगळे त्यात आहे, आणि प्रत्येक भागामागे कागदांचा माग ठेवायची सवयही. त्याच्या पंखांवर दोन पीडब्ल्यू-१२७ इंजिने आहेत, १९८४ पासून प्रवासी विमानांवर उडत असलेल्या घराण्यातली. ती करणारी कंपनी प्रॅट अँड व्हिटनी कॅनडा, जिला २००३ मध्ये ए-४००एमसाठी नाकारले होते.